सीमेवर लढाई पेटलेली असताना ब्रँडचं हँडल कसं सांभाळावं: नव्याने या कामात आलेल्यांसाठी

७ मे २०२५ची सकाळ. चहाचं आधण ठेवून मी फोन हातात घेतला, तर रात्रीतून सगळं बदललेलं. भारताने पहाटे पाकिस्तान आणि पाकव्याप्त काश्मीरमधल्या नऊ ठिकाणांवर हल्ले केले होते. मोहिमेचं नाव होतं ऑपरेशन सिंदूर. घड्याळात पावणेसात झालेले. घरगुती उपकरणं विकणाऱ्या ज्या दुकानांचं सोशल मीडिया मी बघते, त्यांची एक पोस्ट नऊ वाजता आपोआप जाणार होती. लाल-पिवळ्या ज्वाळा, मधोमध फुटणारा बॉम्ब आणि वर ठसठशीत अक्षरं: "किमतींवर थेट हल्ला! उन्हाळी महाधमाका." पंधरा दिवसांपूर्वी ती मीच अप्रूव्ह केली होती आणि तेव्हा त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नव्हतं.

पोस्ट वेळेत काढली. एसएमएस मात्र राहिला. तोच मजकूर दुसऱ्या एजन्सीकडून सुटणार आहे, हे त्या घाईत डोक्यातून निघून गेलं. साडेदहाला तो काही हजार फोनांवर पोचला. त्यातला एक फोन सातारा जिल्ह्यातल्या एका घरात होता. त्या घरातला मुलगा जम्मूत तैनात. आईने दुकानात फोन केला. त्या चिडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आजच्या दिवस तरी असलं काही पाठवू नका हो."

तो फोन घेतलेल्या मुलीने मला जसाच्या तसा निरोप दिला आणि त्या दिवसापासून मी कामाची पद्धत बदलली. तीच इथे मांडते आहे. या कामात नवीन असाल, एखाद्या दुकानाचं, हॉस्पिटलचं, शाळेचं किंवा मसाल्याच्या ब्रँडचं हँडल एकट्याने सांभाळत असाल, तर हे तुमच्यासाठी.

आधी मूळ गोष्ट मनात पक्की करा. लढाई चालू असताना लोक तुमच्या पेजवर येतात ते ऑर्डर येणार का, शाखा उघडी आहे का, गाडी सुटणार का, पैसे परत मिळणार का, हे विचारायला. याची उत्तरं फक्त तुमच्याकडे असतात. सीमेवर काय चाललंय ते सांगायला इतर आहेत. जे आपल्या हातात आहे आणि जे आपल्याला नक्की ठाऊक आहे तेवढंच बोला, पण ते लगेच बोला.

पहिला तास: सगळं थांबवा

बातमी कळली की विचार करत बसू नका, आधी थांबवा. विचार करायला नंतर वेळ मिळतो. नुसतं इन्स्टाग्राम आणि फेसबुकचं शेड्यूल बंद करून भागत नाही, माझी चूक तिथेच झाली. एका कागदावर लिहून ठेवा की आपल्या ब्रँडच्या नावाने मजकूर कुठून कुठून बाहेर पडतो: शेड्यूल केलेल्या पोस्ट, पैसे लावून चालू असलेल्या जाहिराती, एसएमएस, व्हॉट्सॲप ब्रॉडकास्ट, ईमेल, ॲपची नोटिफिकेशन, इन्फ्लुएन्सरकडे दिलेले रील, रेडिओचे स्पॉट, चौकातला डिजिटल बोर्ड, दुकानातल्या टीव्हीवर फिरणारी जाहिरात, कॉल होल्डवर वाजणारी टेप. प्रत्येकासमोर ते बंद करू शकणाऱ्या माणसाचं नाव आणि नंबर. हा कागद शांततेच्या दिवसांत तयार करायचा आणि दर तीन महिन्यांनी तपासायचा, कारण एजन्सीतली माणसं बदलत राहतात.

पैसे लावलेल्या जाहिरातींकडे जास्त लक्ष द्या. अशा दिवशी यूट्यूबवर जुन्या लढायांची, व्हिडिओ गेमची दृश्यं आजची म्हणून फिरतात आणि त्यांच्या आधी तुमचा हसरा मिक्सर दिसू शकतो. दोन-तीन दिवस व्हिडिओ जाहिराती पूर्ण बंद ठेवणं मला बरं वाटतं. 'युद्ध', 'हल्ला' असे शब्द वगळायची सोय असते, पण मराठी-हिंदी मजकुरावर ती नेहमीच नीट चालते असं नाही.

आणि एसएमएसची एक गोष्ट, जी नवीन माणसाला कोणी सांगत नाही. आपल्याकडे व्यावसायिक एसएमएस पाठवायचा तर त्याचा मजकूर आधी दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी पोर्टलवर (व्यावसायिक एसएमएसची नोंदणी होते ती वेबसाइट) मंजूर करून घ्यावा लागतो. व्हॉट्सॲप बिझनेसच्या टेम्प्लेटलाही आधी मंजुरी लागते. म्हणजे लढाई सुरू झाल्यावर "तुमची डिलिव्हरी लांबली आहे" असं कळवायचं ठरवलंत, तर त्या क्षणी तुमच्याकडे पाठवण्याजोगा मजकूरच नसतो. म्हणून असे चार टेम्प्लेट आजच मंजूर करून ठेवा: उशीर होतोय, शाखा बंद आहे, पैसे परत केले जातील, सेवा पूर्ववत झाली. ग्राहकाचं नाव, तारीख, गाव यांच्या जागा रिकाम्या सोडा.

बोलणार कोण, हो म्हणणार कोण

तीन माणसं पुरतात: लिहिणारा, तपासणारा आणि मालकाच्या वतीने शेवटचा होकार देणारा. तिसऱ्याचा फोन लागला नाही तर चौथं नाव. बाकी कुणीही, कितीही वरचा असो, ब्रँडच्या नावाने काही करायचं नाही. 'काही' म्हणजे फक्त पोस्ट नव्हे.

७ मे रोजीच रिलायन्सच्या जिओ स्टुडिओजकडून 'ऑपरेशन सिंदूर' या नावाच्या ट्रेडमार्कसाठी अर्ज दाखल झाला. मनोरंजनाच्या वर्गात, मोहिमेच्या पहिल्याच दिवशी. त्या सुमारास इतरांचेही असे अर्ज आले. लोकांचा संताप झाला आणि दुसऱ्या दिवशी कंपनीने अर्ज मागे घेतला. कनिष्ठ पातळीवरच्या एका व्यक्तीकडून परवानगीशिवाय, अनवधानाने तो गेला असं स्पष्टीकरण दिलं. एवढ्या मोठ्या कंपनीत एक अर्ज असा जाऊ शकतो, तर आपल्या दहा माणसांच्या ऑफिसात काय काय जाऊ शकतं याचा अंदाज करा. त्या दिवशी कायदा, विक्री, एचआर, डिझाइन सगळ्यांना एकच निरोप गेला पाहिजे: पुढची सूचना येईपर्यंत या घटनेशी जोडलेलं कुठलंही काम थेट बाहेर जाणार नाही. नाव राखून ठेवणं, डोमेन घेणं, ऑफरचा कोड बनवणं, सगळं त्यात आलं.

शब्द आणि आवाज चाळून काढा

आपली जाहिरातीची मराठी लढाईच्या शब्दांनी किती भरलेली आहे हे एरवी जाणवत नाही. धमाका, हल्लाबोल, बॉम्ब ऑफर, किमतींवर स्ट्राइक, स्पर्धकांना चितपट, रणसंग्राम, टार्गेट, ब्लॅकआउट सेल. पुढच्या महिन्याभराचं कॅलेंडर उघडा आणि हे शब्द एकेक करून शोधा. डिझाइनमधल्या ज्वाळा, तडे गेलेली काच, धुराचे लोट, लष्करी छटेचे कपडे हेही बघा. ब्लॅकआउट पडदे विकणाऱ्याने त्या आठवड्यात पडद्यांची जाहिरात केली, तर त्याचा हेतू कितीही सरळ असला तरी वाचणाऱ्याला अमृतसर आणि जम्मूमधला अंधारच दिसणार.

उलटंही घडतं. कुंकू आणि सिंदूर विकणारे कितीतरी छोटे ब्रँड आहेत. ७ मेनंतर त्यांचा रोजचा हॅशटॅग एका रात्रीत दुसऱ्याच अर्थाचा झाला. २२ एप्रिलला पहलगाममध्ये २६ माणसं मारली गेली. त्यात सहाजण महाराष्ट्रातले होते, डोंबिवलीचे तीन, पुण्याचे दोन आणि पनवेलचे एक. मोहिमेचं 'सिंदूर' हे नाव तिथे नवरा गमावलेल्या बायकांच्या पुसलेल्या कुंकवावरून आलेलं होतं. अशा वेळी कुंकवाच्या ब्रँडने हॅशटॅग बदलावा, ट्रेंडमध्ये येतोय म्हणून तो उचलू नये. त्या आठवड्यात मिळालेली व्ह्यूजची वाढ कुणाच्या दुःखातून आलेली असते.

तयार कॅम्पेन गोठवायचं की नाही, हे ते केव्हा शूट झालं यावरून ठरवता येत नाही. डिसेंबर २०२३मध्ये झारा या कपड्यांच्या ब्रँडच्या एका जाहिरातीत पांढऱ्या कापडात गुंडाळलेले पुतळे होते. कल्पना जुलैतली, शूटिंग सप्टेंबरमधलं, म्हणजे दोन्ही गाझातल्या लढाईच्या आधीचं. पण जाहिरात बाहेर आली तेव्हा लोक रोज कफनात गुंडाळलेले देह पाहत होते. कंपनीला फोटो काढावे लागले आणि खेद व्यक्त करावा लागला. बघणारा माणूस आजच्या डोळ्यांनी बघतो.

आवाजाचं वेगळं सांगायला हवं. ७ मेला देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली, आपल्याकडेही भोंगे वाजले. त्यानंतर १० मेला अग्निशमन, नागरी संरक्षण आणि होमगार्ड महासंचालनालयाने माध्यमांना सांगितलं की जनजागृती सोडून इतर कार्यक्रमांत हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा आवाज वापरू नका, कारण तो सारखा कानावर पडला की लोक खऱ्या भोंग्याकडेही दुर्लक्ष करतील. सूचना माध्यमांसाठी होती, पण तुमच्या रीलमध्ये 'अलर्ट! अलर्ट!' म्हणून लावलेला सायरन याच कारणासाठी काढायचा. दुकानाबाहेर स्पीकरवर तर अजिबात नको.

आता लिहायला बसा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. नमुना म्हणून ९ मेचा इंडियन ऑइलचा संदेश घ्या. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्याचे व्हिडिओ फिरत होते. कंपनीने थोडक्यात सांगितलं की देशभर पुरेसा इंधनसाठा आहे, पुरवठा सुरळीत चालू आहे, घाबरून खरेदी करायची गरज नाही आणि गर्दी टाळा. त्यातला प्रत्येक मुद्दा कंपनीच्या स्वतःच्या कामाबद्दलचा आहे. साठा तिचा, पुरवठा तिचा, पंप तिचे. लोकांनी काय करायचं तेही सांगितलं आहे. तेल कंपनीला हे बोलण्याचा हक्क आहे, कारण टाक्यांत काय आहे ते तिलाच माहीत.

विमान कंपन्यांचंही तसंच. उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ बंद झाल्यावर त्यांनी शहरांची नावं, कोणत्या तारखेपर्यंत, पैसे परत की तारीख बदलून, हे क्रमाने दिलं. श्रीनगरमध्ये अडकलेल्या मुलीच्या आईला पुण्यात बसून नेमकं हेच हवं होतं.

आता आपल्या पातळीवर. समजा तुम्ही कुरियरने सुका मेवा पाठवता. नवीन माणूस असं लिहितो: "या कठीण प्रसंगी आमचं कुटुंब देशासोबत ठामपणे उभं आहे. काही तांत्रिक कारणांमुळे सेवांवर परिणाम होऊ शकतो. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद." वाचणाऱ्याला यातून काहीच मिळत नाही. कोणत्या सेवा, कुठे, कधीपर्यंत? आणि कारण सगळ्या देशाला ठाऊक असताना 'तांत्रिक' का म्हणायचं?

हे असं लिहा: "जम्मू, श्रीनगर, अमृतसर इथून येणारा आणि तिकडे जाणारा माल ७ मेपासून थांबला आहे. विमानतळ बंद आहेत. महाराष्ट्रातल्या ऑर्डर नेहमीप्रमाणे जात आहेत, फक्त अक्रोड आणि केशर नवीन साठा येईपर्यंत मिळणार नाही. आधी पैसे भरलेल्यांना हवे असतील तर परत देऊ, 'परत' एवढाच मेसेज पाठवा. पुढची माहिती उद्या सकाळी दहाला याच ठिकाणी." शेवटची ओळ विसरू नका. पुढची माहिती कधी येणार हे कळलं की माणसं दर तासाला विचारत नाहीत. आणि दहा म्हणजे दहा, सांगण्यासारखं नवीन नसलं तरी "कालची स्थिती कायम आहे" असं लिहायचं.

तुम्ही देत असलेल्या सेवेवर काहीच परिणाम झाला नसेल तर? मग काही लिहू नका. कोल्हापुरातल्या केकच्या दुकानाने लष्करी कारवाईवर निवेदन काढावं अशी कोणाचीच अपेक्षा नसते. क्लायंट म्हणेल, "सगळ्यांनी टाकलंय, आपण नाही टाकलं तर कसं दिसेल?" त्याला शांतपणे सांगा की गप्प राहिलेल्या केकच्या दुकानाबद्दल कोणी वाईट बोललेलं मी पाहिलेलं नाही. जहाल पोस्ट टाकून दुसऱ्या दिवशी डिलीट करणाऱ्यांचे स्क्रीनशॉट मात्र कायम राहतात.

अफवा, आणि तुमच्याच माणसांच्या हातातले फोन

७ ते १० मे या लढाईच्या चार दिवसांत व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरला की एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार. सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने तो खोटा असल्याचं सांगितलं, बँकांनीही एटीएम चालू असल्याचं जाहीर केलं. तुमच्या ब्रँडबद्दल अफवा आली तर खोट्या मेसेजचा स्क्रीनशॉट पुन्हा टाकू नका, त्याने तो आणखी लांब जातो. खरी गोष्ट पहिल्या ओळीत लिहा: "आमच्या सर्व सतरा शाखा आज रात्री नऊपर्यंत उघड्या आहेत." अफवेचा उल्लेख लागलाच तर नंतर, एका ओळीत. आणि दुसऱ्याच्या बातम्या ब्रँडच्या हँडलवरून शेअर करू नका, मग त्या कितीही मोठ्या चॅनेलच्या असोत. त्या दिवसांत मोठमोठ्या चॅनेलांनीही न घडलेल्या गोष्टी घडल्या म्हणून दाखवल्या.

माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने २६ एप्रिललाच सूचना काढली होती की लष्करी हालचालींचं थेट चित्रण दाखवू नका. ती सूचना सोशल मीडिया वापरणाऱ्यांनाही उद्देशून होती. वाहतूक, कुरियर, हॉटेल या धंद्यातल्या लोकांनी हे ड्रायव्हर आणि काउंटरवरच्या पोरांपर्यंत पोचवायला हवं. महामार्गावर लष्कराचा ताफा दिसला की फोन बाहेर निघतोच, आणि फोटोच्या कोपऱ्यात तुमच्या ट्रकचा लोगो येतो. सोप्या मराठीत, हिंदीत एक व्हॉइस नोट पाठवा. छापील सर्क्युलर कोणी वाचत नाही.

त्याच वेळी आपल्या माणसांची विचारपूस करा. कोणाचा भाऊ सैन्यात आहे, कोण काश्मीरचा आहे, कोणाची बहीण सीमेजवळच्या गावात दिलेली आहे. टीममध्ये काश्मिरी किंवा मुस्लिम सहकारी असेल तर कमेंट बॉक्समध्ये काय लिहिलं जातंय ते त्यालाही दिसतं हे लक्षात ठेवा. कोणत्याही समाजाला शिवी देणारी कमेंट लगेच लपवायची, मग ती कितीही जुन्या ग्राहकाची असो. हा नियम क्लायंटकडून आधीच लिहून घ्या.

तुमच्या नावात, मालात, भागीदारीत काय दडलंय

हैदराबादची कराची बेकरी १९५३ साली खानचंद रामनानी यांनी काढली. फाळणीत कराचीहून भारतात आलेलं सिंधी कुटुंब. सोडलेल्या गावाची आठवण म्हणून हे नाव. मे २०२५मध्ये त्यांनी दुकानांवर तिरंगे लावले, आम्ही भारतीय ब्रँड आहोत हे परोपरीने सांगितलं, तरी एका शाखेच्या पाटीची मोडतोड झाली. मुंबईतही नोव्हेंबर २०२०मध्ये वांद्र्याच्या कराची स्वीट्सच्या मालकाला नावावरून धमकावलं गेलं, तेव्हा त्याने पाटीवर वर्तमानपत्र चिकटवलं होतं. निर्वासित म्हणून आलेल्या माणसाला पुन्हा एकदा आपलं भारतीयपण सिद्ध करायला लावणं, हे मला फार लागतं.

व्यवहाराच्या बाजूने बघायचं तर अशा ब्रँडने आपली गोष्ट शांततेच्या काळातच सांगत राहावी. दुकानात, खोक्यावर, वेबसाइटवर, मराठीत आणि हिंदीत, चार ओळींत, मालकाच्या फोटोसह. जमाव दारात आल्यावर इतिहास सांगायला वेळ नसतो. त्या वेळी आधी पोलिसांना फोन, मग शटर, मग कर्मचारी सुरक्षित घरी. पोस्ट सगळ्यात शेवटी.

मालाचंही तसंच. तुर्कीने पाकिस्तानची बाजू घेतल्यावर पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं घेणं थांबवलं, आणि एका आठवड्यात तुर्की-अझरबैजानची बुकिंग रद्द करण्याचं प्रमाण २५० टक्क्यांनी वाढल्याचं मेकमायट्रिपने सांगितलं. तुमच्या मालाचा कोणता भाग कुठून येतो, गुंतवणूक कोणाची आहे, याचं एक पान तयार ठेवा. विचारलं तर खरं सांगा. "आमचा त्या देशाशी काही संबंध नाही" असं घाईत लिहून बसलात आणि कोणी पावती दाखवली, की पुढचं काहीच खरं मानलं जात नाही.

ज्यांचे ग्राहक दुबई, मस्कतमध्येही आहेत अशा लोणची-पापडवाल्यांसाठी थोडं. ऑक्टोबर २०२३मध्ये इस्रायलमधल्या मॅकडोनाल्ड्सच्या फ्रँचायझीने सैनिकांना फुकट जेवण दिलं. सौदी, ओमान, कुवेतमधल्या फ्रँचायझींना लगोलग आपण वेगळे आहोत असं जाहीर करावं लागलं, पण बहिष्कार थांबला नाही. शेवटी २०२४मध्ये मूळ कंपनीने इस्रायलमधली २२५ दुकानं परत विकत घेण्याचं ठरवलं. एका नावाखाली दोन देशांत धंदा असेल तर एका ठिकाणची कृती दुसरीकडे मोजली जाते. तिथल्या वितरकाला विचारल्याशिवाय इथून काही टाकू नका.

मदत करायची असेल तर

करा, जरूर करा. पण विक्रीला बांधू नका. "प्रत्येक खरेदीमागे ५ रुपये जवानांसाठी" यात किती गोळा झाले, कुठे दिले, हे कोणालाच कळत नाही. मालकाला वाटत असेल तर राष्ट्रीय संरक्षण निधी किंवा सशस्त्र सेना ध्वजदिन निधीत ठरावीक रक्कम आधी भरावी, आणि सांगायचंच असेल तर नंतर, एकदा. तिरंग्यावर लोगो, अक्षरं किंवा ऑफर छापायची नाही. ध्वजसंहितेत ते बसत नाही, आणि ध्वजाचा व्यापारी वापर १९५०च्या बोधचिन्हे व नावे कायद्याखाली येतो. गणवेशातल्या सैनिकाचा फोटो घेऊन त्याशेजारी प्रॉडक्ट ठेवणं मी कधीही अप्रूव्ह करत नाही.

त्यापेक्षा उपयोगी कामं आहेत. आपशिंगे किंवा सैनिक टाकळीसारख्या गावांत घरटी कोणी ना कोणी सैन्यात असतं. त्या दिवसांत हप्ता लांबवून देणं, बसवायला माणूस नसेल तर दुरुस्तीसाठी स्वतःहून जाणं, कॉल सेंटरवर अशा घरचा फोन आला तर रांगेत न ठेवणं. आमच्या क्लायंटने हे केलं, पोस्ट न टाकता.

पुन्हा सुरू केव्हा करायचं

१० मेच्या संध्याकाळी परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी पाच वाजल्यापासून गोळीबार थांबवण्याचं ठरल्याचं जाहीर केलं. माझ्या व्हॉट्सॲपवर सव्वासहाला क्लायंटचा मेसेज: "उद्यापासून ऑफर चालू करूया?" मी थांबा म्हटलं. त्याच रात्री पुन्हा ड्रोन दिसल्याच्या, शस्त्रसंधी मोडल्याच्या बातम्या आल्या. १२ तारखेला विमानतळ उघडले, पण १३ तारखेला विमान कंपन्यांनी जम्मू, अमृतसर, श्रीनगरसह काही ठिकाणची उड्डाणं परत रद्द केली. थांबवलेली आयपीएल १७ मेला सुरू झाली.

मी असा क्रम ठेवते: घोषणेनंतर किमान ४८ तास फक्त सेवेची माहिती. नंतर ग्राहकांच्या प्रश्नांना उत्तरं आणि रखडलेल्या ऑर्डरींचा हिशेब. मग प्रॉडक्टच्या साध्या पोस्ट, संगीताशिवाय. सवलती आणि रंगीबेरंगी ऑफर सगळ्यात शेवटी, तेही पूर्ण नव्याने लिहून. जुनी 'महाधमाका' पोस्ट आम्ही परत वापरलीच नाही. तिच्या जागी १९ मेला "उन्हाळी खरेदी, ३१ मेपर्यंत" एवढंच गेलं.

त्या काळात कमेंट हाताळणाऱ्या मुलामुलींना सलग सुट्टी द्या. घोषणा करणाऱ्या मिस्रींनासुद्धा इतकं ट्रोल केलं गेलं की त्यांना आपलं एक्स अकाउंट बंदिस्त करावं लागलं. ब्रँडच्या हँडलमागे बावीस-तेवीस वर्षांचं पोर बसलेलं असतं आणि चार दिवस रात्री दोनपर्यंत ते शिव्या वाचत असतं. सुट्टीवरून परत आल्यावर त्याच्यासोबत बसून एक वही भरा: कोणत्या तारखेला, किती वाजता काय थांबवलं, काय टाकलं, कोणी होकार दिला, कुठे उशीर झाला, कोणता एसएमएस सुटला. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर साताऱ्याच्या त्या बाईंचं वाक्य आहे, आणि त्याखाली एसएमएस एजन्सीच्या माणसाचा चालू नंबर.